पंचवीसची चित्रं, साठचा पडदा : बडोद्यातल्या एका नृत्यवर्गाचं प्रकरण

दांडिया बाजारातल्या एका भरतनाट्यम वर्गात पंचावन्न इंची टीव्ही बसवला होता. दुकानदार त्याला एलईडी टीव्ही म्हणतात, पण आतला पडदा एलसीडीच असतो. एलईडी असतात ते मागून उजेड देणारे दिवे. वर्ग चालवणाऱ्या ताईंना तो करमणुकीसाठी नको होता. अरंगेत्रमचं, म्हणजे मुलीच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाचं, चित्रीकरण मुलींना दाखवायचं, अरमंडी (गुडघे वाकवून अर्धं बसण्याची ठेवण) कुठे उठली, कोपर कुठे पडलं, हे थांबवून समजावायचं, एवढ्यासाठीच तो आणलेला. लॅपटॉपवरून एचडीएमआय केबलने चित्र टीव्हीवर जायचं.

तक्रार पहिल्यापासून एकच होती. पदम किंवा वर्णम या रचनांमधला संथ अभिनय स्वच्छ दिसे, पण जती, म्हणजे बोलांवरचं जलद नृत्य, सुरू झाली की हात झटक्याझटक्याने जात. “हात खांद्यापासून निघतो, मध्येच अडतो आणि मग पुढे जातो,” ताई म्हणाल्या. “मुलगी खरंच अशी नाचली असती तर मी तिला अरंगेत्रमला उभीच केली नसती.”

हा नुसता डोळ्याला खुपण्याचा प्रश्न नव्हता. टीव्हीवर बघून ताईंनी एका मुलीला तिचा हात तीरमानमात (जलद बोलांच्या तुकड्यात) अडतो म्हणून सांगितलं होतं, आणि ती पोर घरी जाऊन नसलेला दोष काढायला बसली होती. ज्या पडद्यावर बघून आपण शिकवतो तो हालचालीची वेळच बदलून दाखवत असेल, तर तो पडदा शिकवण्याच्या कामाचा नाही. मी बडोद्यात व्हिडिओ संकलनाचं आणि सभागृहांत पडदे बसवण्याचं काम करतो. हे ऐकल्यावर प्रकरण मुळापासून बघायचं ठरवलं.

माझ्याआधी बरेच उपाय होऊन गेले होते. पेनड्राइव्ह बदलला, महागडी केबल आणली. कोणाच्या तरी भाच्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ‘मऊ’ करून दिलं, तर हस्तमुद्रांमधली बोटंच वितळायला लागली. ज्यांच्याकडून टीव्ही घेतला ते म्हणाले, साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने लिहिणारा, संच असाच चालणार, एकशेवीसचा घ्या.

दोष फाइलीत की पडद्यावर?

अशा तक्रारीत सगळ्यात आधी हेच ठरवावं लागतं, आणि त्याला काही उपकरण लागत नाही. फाइल प्लेअरमध्ये उघडायची, जिथे झटका दिसतो तिथे थांबवायची आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पुढे सरकवत न्यायची. हात प्रत्येक फ्रेमला साधारण सारख्या अंतराने सरकत असेल तर फाइल निर्दोष. एखादी फ्रेम जशीच्या तशी दोनदा आली, किंवा हाताने मध्येच दुप्पट उडी घेतली, तर झटका फाइलीतच भरलेला आहे आणि टीव्ही बदलून काही होणार नाही.

अरंगेत्रमची मुख्य फाइल स्वच्छ निघाली. सेकंदाला २५ फ्रेम, सगळ्या वेगळ्या, चाल एकसारखी. म्हणजे गोंधळ लॅपटॉप आणि टीव्ही यांच्या मधे कुठेतरी होता.

हे २५ कुठून आले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. पूर्वी टीव्हीचा ठोका विजेच्या ठोक्याशी जुळवून ठेवत, म्हणून युरोपसारखी आपल्याकडेही सेकंदाला २५ चित्रांची, म्हणजे ५० अर्ध्या चित्रांची पद्धत आली. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते याच पाल पद्धतीत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ३० आणि ६०. टीव्हीचं प्रक्षेपण आपल्याकडे आजही पन्नाशीतच चालतं आणि लग्नं, अरंगेत्रम चित्रित करणारे आपले व्हिडिओवाले सवयीने २५ वरच कॅमेरा लावतात. संगणक मात्र कुठल्याही देशात विकत घ्या, तो पडद्याला सहसा साठचाच ठोका देतो. ताईंच्या वर्गात पंचवीसची फाइल साठच्या पडद्यावर चालत होती.

एलसीडी पडदा नेमकं काय करतो

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ठिपक्यावरून गेला की ठिपका उजळे आणि काही मिलिसेकंदांत विझे. तो पुन्हापुन्हा पेटवला नाही तर चित्र लुकलुके, म्हणून तिथे रिफ्रेशचा, म्हणजे चित्र नव्याने लिहिण्याचा, वेग वाढवण्याला महत्त्व होतं. एलसीडीत तसं होत नाही. प्रत्येक ठिपक्यामागे एक बारीक ट्रान्झिस्टर असतो आणि विद्युतभार धरून ठेवण्याची सोय असते. एकदा भार दिला की द्रवस्फटिक त्या कोनात वळतात आणि पुढचा हुकूम येईपर्यंत तसेच राहतात. मागचा दिवा चालूच असतो. दोन रिफ्रेशच्या मधे चित्र विझत नाही, पडद्यावर उभं राहतं.

त्यामुळे एलसीडीवर प्रश्न लुकलुकण्याचा राहत नाही, चित्र बदलण्याच्या वेळेचा होतो. साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लिहायला घेतो. मधल्या वेळात नवी फ्रेम तयार असली तरी तिला पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावं लागतं. पंचवीसच्या फाइलीत दर ४० मिलिसेकंदांनी एक फ्रेम येते. चाळिसात १६.७ किती वेळा बसतात? २.४ वेळा. पण पडदा ठोक्याचे तुकडे करू शकत नाही. मग तो काही फ्रेम दोन ठोके धरतो आणि काही तीन: दोन, दोन, तीन, दोन, तीन. पाच फ्रेममध्ये बारा ठोके, पंचविसांत साठ. हिशेब बरोबर जुळतो, पण एक फ्रेम ३३ मिलिसेकंद दिसते आणि दुसरी ५०. सेकंदातल्या पंचविसांपैकी दहा फ्रेम जास्त रेंगाळतात. हात एकसारखा चाललेला असताना डोळा त्याच्या मागे जातो, आणि हात जिथे असायला हवा तिथे तो दर वेळी सापडत नाही. हाच तो झटका.

सांगून पटत नाही, म्हणून ते मोजून दाखवलं. त्याच फाइलीवर संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक फ्रेमचा क्रमांक मोठ्या अक्षरात छापला, ती टीव्हीवर लावली आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रांनी टीव्हीचं चित्रीकरण केलं. साठच्या पडद्याचा एक ठोका त्यात चार चित्रांचा होतो. मग चित्रं मोजली: एक क्रमांक आठ चित्रं टिकला, पुढचा आठ, पुढचा बारा, मग आठ, मग बारा, आणि पुन्हा तसंच. हे बघताना आणखी एक गोष्ट नजरेला आली. क्रमांक बदलतो तो एका क्षणात बदलत नाही. वरच्या अर्ध्या भागात नवा आकडा असतो तेव्हा खाली जुनाच असतो, कारण पडदा वरून खाली ओळीओळीने लिहिला जातो. आणि नव्या आकड्याच्या मागे जुन्याची फिकट सावली काही चित्रं रेंगाळते. द्रवस्फटिकांना वळायला तेवढा वेळ लागतो.

ताई माझ्याशेजारी बसून क्रमांक मोजत होत्या. मोजता मोजता त्यांच्या हाताने मांडीवर ताल धरला आणि त्या म्हणाल्या, “तक, तक, तकिट, तक, तकिट. नट्टुवांगम करणाऱ्याने (झांजेवर ताल देणाऱ्याने) एकसारख्या चालीत हे घुसवलं तर नाचणारी अडखळणारच.” मी आजवर ग्राहकांना जे आकडे काढून सांगत आलो, त्याहून हे नेमकं होतं.

त्यांनी विचारलं की तीच फाइल मोबाइलवर बरी का दिसते. ठोका तिथेही बहुधा साठचाच असतो आणि घोळही तोच, फक्त हातातल्या छोट्या पडद्यावर नर्तकीच्या हाताचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर बोटभर असतं. पंचावन्न इंची टीव्हीसमोर मुली जमिनीवर अगदी जवळ बसतात, तिथे तेच अंतर वीतभराहून जास्त होतं. वेळेची चूक तेवढीच, जागेची चूक कितीतरी मोठी. संथ अभिनयात दोन फ्रेममधलं अंतरच कमी असतं, म्हणून तो पहिल्यापासून ठीक दिसत होता.

इलाज

इलाज फुकट होता. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जायचं, वर टीव्ही निवडायचा आणि रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करायचा. आपल्याकडचं प्रक्षेपण पन्नाशीतलं असल्यामुळे इथे विकला जाणारा टीव्ही ५० हर्ट्झ स्वीकारतोच. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याला बहुधा साठच येतं, म्हणून दोन्हीकडे एकच चित्र न ठेवता चित्र फक्त टीव्हीवर पाठवलं. आता प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन ठोके. पुन्हा स्लो मोशनमध्ये मोजलं तर प्रत्येक क्रमांक ९ किंवा १० चित्रं टिकत होता. ४० मिलिसेकंदांत २४० च्या वेगाने ९.६ चित्रं बसतात, तेव्हा हे अगदी हवं तसंच होतं. ताईंनी तोच तीरमानम लावला आणि ज्या मुलीला बोलल्या होत्या तिला बोलावून घेतलं. हात अडत नव्हता.

पण टीव्ही कायमचा पन्नासवर ठेवून भागत नाही. मुली मोबाइलवर जे चित्रित करून आणतात ते तीसचं असतं. पन्नासच्या पडद्यावर तीसची फाइल दोन, दोन, एक अशी पडते आणि पुन्हा झटके देते. जुन्या सिनेमांतली नृत्यं २४ ची, त्यांचा हिशेब आणखी निराळा. म्हणून प्रत्येक फाइल बघून पडद्याने स्वतःचा ठोका बदलावा, हे उत्तम. कोडी नावाच्या मोफत प्लेअरमध्ये ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ अशी सोय आहे, ती चालू करून दिली. फाइल सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो आणि मग योग्य ठोक्यावर येतो. खेळांसाठीच्या मॉनिटरमध्ये यापुढची सोय असते, तिथे फ्रेम तयार झाली की पडदा तेव्हाच लिहिला जातो. या टीव्हीत ती नव्हती आणि या कामाला तिची गरजही नव्हती.

एकशेवीस हर्ट्झच्या सल्ल्याबद्दलही न्यायाने बोलायला हवं. १२० मध्ये २४ पाच वेळा, ३० चार वेळा आणि ६० दोन वेळा बरोबर बसतात. पण २५ बसत नाहीत. तिथे पंचवीसची फ्रेम कधी पाच ठोके धरली जाते, कधी चार. फरक १७ मिलिसेकंदांवरून ८ वर येतो, म्हणजे झटका कमी होईल, जाणार नाही. शिवाय खोक्यावर छापलेला ‘मोशन रेट’ हा पडद्याचा खरा रिफ्रेश रेट असेलच असं नाही. बऱ्याचदा त्यात कृत्रिम फ्रेमांचा आणि दिव्याच्या उघडझापीचा हिशेब मिसळलेला असतो. ज्यांच्याकडे पंचवीसच्या जुन्या फाइलींचा साठा आहे त्यांनी नुसत्या मोठ्या आकड्यापायी टीव्ही बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वितळणारी बोटं

भाच्याने जे चालू केलं होतं ते फ्रेममधली फ्रेम बनवण्याचं काम. सोनीच्या संचात त्याला मोशनफ्लो म्हणतात, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस, एलजीमध्ये ट्रूमोशन. टीव्ही लागोपाठच्या दोन फ्रेम बघतो, कुठला तुकडा कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधतो आणि मधल्या जागेची नवी चित्रं स्वतः तयार करतो. कॅमेरा हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर अंदाज छान जमतो. पण जिथे एक गोष्ट दुसरीच्या मागे जाते आणि पुन्हा बाहेर येते, तिथे तो फसतो, आणि भरतनाट्यममध्ये दर क्षणी हेच चालू असतं. एक हात दुसऱ्यावरून जातो, बोटं मिटतात आणि उघडतात, पोशाखाचा पंखा चुण्यांसकट उलगडतो. कटकामुख या हस्तमुद्रेतून अलपद्म ही मुद्रा उघडतानाची फ्रेम थांबवून बघितली तर बोटांभोवती धूसर कडा होती आणि करंगळीचा पत्ता नव्हता.

क्रिकेटला किंवा बातम्यांना कोणी हे चालू ठेवलं तर माझी हरकत नाही. शिकवण्याच्या पडद्यावर मात्र ते पूर्ण बंद हवं. त्या मधल्या फ्रेममधला हात नर्तकीने कधी केलेलाच नसतो, तो टीव्हीने केलेला असतो. त्यावर बोट ठेवून कोणाला चूक दाखवता येत नाही. ताईंच्या टीव्हीत ते प्रत्येक इनपुटला वेगळं बंद करावं लागलं, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

फाइलीतच भरलेले दोष

सगळंच इतकं सरळ नव्हतं. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाची एक फाइल पन्नास हर्ट्झवरही झटके देत राहिली. फ्रेम फ्रेम सरकवून बघितल्यावर कारण कळलं. त्यात मुख्य कॅमेऱ्याचं पंचवीसचं चित्रण होतं आणि मधे मधे पालकांच्या मोबाइलचं तीसचं. संकलन करणाऱ्याने सगळं पंचवीसच्या टाइमलाइनवर टाकलं, तेव्हा मोबाइलच्या तुकड्यांतली दर सहावी फ्रेम गळाली. पाच फ्रेम हात नीट सरकतो आणि मग एकदम दुप्पट उडी. ही उडी फाइलीत कोरली गेली आहे, कुठलाही पडदा ती भरून काढणार नाही. मूळ तुकडे ज्या पालकांकडे शिल्लक होते त्यांचे मागवून घेतले आणि तीसच्या वेगळ्या फाइली करून ठेवल्या.

त्याच मोबाइल तुकड्यांत उजेडही धडधडत होता. ५० हर्ट्झच्या विजेवरचे जुने चोकवाले ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम घेताना शटर साठांश सेकंद उघडं ठेवत असेल, तर प्रत्येक फ्रेमला उजेडाचा वेगळा वाटा येतो आणि तीन-तीन फ्रेमच्या चक्राने चित्र उजळत-मंदावत राहतं, सेकंदाला दहा वेळा. लोक यालाही ‘स्क्रीन फ्लिकर’ म्हणून टीव्हीच्या माथी मारतात. टीव्हीचा त्यात काही संबंध नाही.

जुन्या टेपा

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. बडोद्यात भरतनाट्यमची परंपरा जुनी आहे. तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाई १८८० मध्ये सयाजीराव महाराजांशी लग्न होऊन चिमणाबाई म्हणून इथे आल्या, आणि त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादक आले. ताई ज्यांच्याकडे शिकल्या त्या गुरूंच्या मिनी डीव्ही टेपा त्यांनी जपून ठेवल्या होत्या आणि बाहेरून त्यांच्या फाइली करून घेतल्या होत्या. त्या फाइलींत वेगाने जाणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत आणि पदन्यास तुटक वाटे.

या टेपांवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. नळीचा टीव्ही त्या जशा येतील तशा एकाआड एक रंगवत असे, म्हणून तिथे चाल पन्नासची दिसे. एलसीडी पडद्याला अर्ध्या ओळी दाखवता येत नाहीत, तो प्रत्येक ठोक्याला पूर्ण चित्रच लिहितो. त्यामुळे आधी कोणीतरी अर्ध्यांची पूर्ण चित्रं करावी लागतात. दोन अर्धी नुसती एकमेकांत विणली तर दाते येतात. एक फेकून दिलं तर दाते जातात, पण चालीतले अर्धे क्षणही जातात. प्रत्येक अर्ध्यापासून एक पूर्ण चित्र केलं तर पन्नासच्या पन्नास क्षण परत मिळतात.

नशिबाने फाइल करणाऱ्याने अर्धी चित्रं तशीच ठेवली होती, फाइल लहान करायच्या नादात मिसळून टाकली नव्हती. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (अर्ध्यांची पूर्ण चित्रं करण्याची सोय) चालू करून ‘यादिफ टू एक्स’ ही पद्धत निवडली आणि टीव्ही ५० हर्ट्झवर ठेवला. एक क्षण, एक ठोका. तट्टडवुमध्ये पाय जमिनीवर पडतानाचे जे टप्पे पंचवीसमध्ये निसटत होते ते दिसायला लागले. ज्यांच्याकडे अशा टेपा आहेत त्यांनी फाइल करून देणाऱ्याला आधीच बजावून सांगावं की इंटरलेस, म्हणजे अर्धी चित्रं, तसंच ठेवा, २५ पूर्ण चित्रांची प्रोग्रेसिव्ह फाइल करू नका. एकदा मिसळलं की सुटं करता येत नाही, आणि चुंबकीय टेप दर वर्षी झिजत चालली आहे.

जे राहिलं, आणि पुढचं चित्रीकरण

एक दोष मात्र पुरता जाणार नव्हता. झटके गेले तरी वेगाच्या हातामागे थोडी धूसरता राहते. चित्र पडद्यावर उभं राहतं पण डोळा हातामागे सरकत राहतो, त्यामुळे ते डोळ्यातच फरफटतं. सेकंदाला ९६० ठिपके या वेगाने जाणारी वस्तू साठच्या पडद्यावर, सेकंदाला साठ नवी चित्रं मिळत असली तरी, १६ ठिपके फरफटते आणि १२० च्या पडद्यावर सेकंदाला १२० नवी चित्रं मिळाली तर ८. पंचवीसच्या फाइलीत एकेक चित्र ४० मिलिसेकंद उभं असतं, म्हणजे हे आणखी वाढतं. काही टीव्ही मधे मधे काळी फ्रेम घालून ते कमी करतात. पण पंचवीसची प्रत्येक फ्रेम त्यामुळे दोनदा चमकते आणि हात दुहेरी दिसतो, म्हणून तो पर्याय सोडून दिला.

याचं खरं उत्तर चित्रीकरणातच आहे. नृत्याला २५ फ्रेम कमी पडतात. पुढच्या अरंगेत्रमसाठी व्हिडिओवाल्याशी बोलणं झालं तेव्हा तो पन्नासला लगेच तयार होता, कारण त्याच्या बाकीच्या कामात ते सहज मिसळतं. मी साठचा आग्रह धरला. मुली आणि त्यांचे पालक ते चित्रण मोबाइलवर आणि लॅपटॉपवर बघणार, आणि तिथे ठोका बहुधा साठचाच असतो. पन्नासची फाइल तिथे दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवेल. कॅमेऱ्यावर ६० लिहिलेलं असलं तरी आत बहुधा ५९.९४ असतात. त्याने साधारण १७ सेकंदांत एखादी फ्रेम दोनदा पडते, तेवढं कोणाच्या लक्षात येत नाही. शटर मात्र साठांश किंवा एकशेविसांश नको, बरोबर शंभरांश सेकंद हवं, म्हणजे सभागृहातल्या दिव्यांचं एक पूर्ण चक्र प्रत्येक फ्रेममध्ये येतं आणि उजेड धडधडत नाही. पालकांनाही तेच कळवलं आहे: मोबाइलवर घेणार असाल तर साठवर लावा, आणि तुकडे न मिसळता मूळ फाइली आणून द्या.